सात महिन्यांत हात कसा बसणार?

२०१० च्या पावसाळ्यात आमच्या भोसरीच्या शेडमध्ये एक सांगलीकडचा इंजिनिअर आला. चाकणला नव्याने आलेल्या एका परदेशी गाडी कंपनीला माल देणारा जो मोठा पुरवठादार होता, त्याला आम्ही बुश, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्या, लेथवर टर्न करून द्यायचो. म्हणजे साखळीत आम्ही तिसऱ्या पायरीवर. मी तिथे क्वालिटीला होतो. मालकांनी वरून आलेल्या या पाहुण्याला ऑफिसात चहाला बसवलं, तर तो म्हणाला, "चहा नंतर घेऊ साहेब, आधी तुमचा लाल डबा दाखवा."

लाल डबा म्हणजे खराब निघालेला माल टाकायचा डबा. तो होता, पण रिकामा होता. खराब जॉब आम्ही पायाने मशीनखाली सारायचो आणि शिफ्ट सुटताना भंगारात टाकायचो. त्या माणसाने गुडघे टेकून लेथच्या खालून अकरा बुश काढले, पुसून टेबलावर ओळीने मांडले आणि बोअर गेजने, म्हणजे भोक मापायच्या उपकरणाने, एकेक मापला. मग ऑपरेटरकडे वळून विचारलं, "दादा, यातला पहिला खराब निघाला तेव्हा किती वाजले होते?"

कोणी खराब केला, हे त्याने विचारलंच नाही. वीस वर्षांत आमच्या शेडमध्ये तो प्रश्न कोणी तशा रीतीने विचारला नव्हता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत दर पंचवीस जॉबनंतर माप घ्यायचं, कागदावर ठिपका द्यायचा, ठिपके एका बाजूला सरकायला लागले की इन्सर्ट, म्हणजे कापणारी धार, झिजतोय हे ओळखून आधीच मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, द्यायचा, हे सगळं आमच्या अंगवळणी पडलं. शंभरात दोन-तीन जॉब जायचेच, असं आम्ही धरून चालत होतो. तो माणूस दहा लाखांत किती गेले ते मोजायला लावत होता. मशीन तीच होती, माणसं तीच होती, पत्र्याचं छपरही तेच होतं. तरी माल सुधारला, वेळ वाचला आणि त्याच मशीनवर दिवसाला जास्त जॉब निघू लागले.

परदेशी भांडवलाने स्थानिक उत्पादकता वाढते का, असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर ते अकरा बुश येतात. हो, वाढते, मी पाहिलंय. पण त्या वाढीतलं कामगाराच्या पगारात किती उतरलं, हा प्रश्न विचारला की उत्तर देताना जीभ अडखळते.

यावर जगभर बराच अभ्यास झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष आमच्या भोसरी-चाकणच्या अनुभवाशी चांगलेच जुळतात. बियाता यावोर्चिक या अर्थतज्ज्ञ बाईंनी लिथुआनियातल्या कारखान्यांचा अभ्यास करून २००४ साली दाखवलं, की परदेशी कंपनीचा फायदा तिच्याच धंद्यातल्या स्थानिक स्पर्धकांना नव्हे, तर तिला माल पुरवणाऱ्यांना होतो. कारण उघड आहे. स्पर्धकाला कोणी आपली युक्ती शिकवत नाही, पण पुरवठादाराचा माल खराब आला तर आपलीच लाइन थांबते, म्हणून त्याला शिकवावं लागतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. हा फायदा दिसला तो स्थानिक भागीदार असलेल्या प्रकल्पांमुळे. पूर्णपणे परदेशी मालकीच्या कारखान्यांबाबत तो तसा दिसला नाही.

त्याआधी, १९९९ मध्ये, ब्रायन एटकेन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातली आकडेवारी तपासली होती. तिथे तर परदेशी कंपन्या आल्यावर त्याच क्षेत्रातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घसरली, कारण गिऱ्हाईक तिकडे गेलं. आणि पगारांबद्दल याच दोघांनी रॉबर्ट लिप्से यांच्यासोबत १९९६ मध्ये जे मांडलं ते आणखी बोलकं आहे. परदेशी कंपन्या जास्त पगार देतात हे खरं. पण मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती वाढ त्यांच्या कुंपणाच्या आतच राहिली, शेजारच्या देशी कारखान्यांतले पगार तिच्यामुळे वर गेले नाहीत.

कुंपणाच्या आत. हे शब्द नीट लक्षात ठेवावेत, कारण चाकणला कुंपणाच्या आतही दोन प्रकारचे लोक आहेत.

पण आधी आमच्या शेडचंच पुढे सांगतो. माल सुधारला त्याच्या पुढच्या एप्रिलपासून वरून पत्र येऊ लागलं. या धंद्यात त्याला 'कॉस्ट डाउन' म्हणतात. तुमची प्रक्रिया सुधारली आहे, तेव्हा दर इतके टक्के कमी करा, असं ते असतं. दरवर्षी येतं. वरच्या कंपनीलाही तिच्या मुख्यालयाकडून तसंच पत्र येत असणार, तिने ते पुरवठादाराला पाठवलं, पुरवठादाराने आम्हाला. आम्ही कोणाला पाठवणार? आमच्या खाली पगारच होता. ठिपके देऊन, घाम गाळून वाचवलेला पैसा असा पायरी-पायरीने वर गेला. अर्थशास्त्राच्या भाषेत उत्पादकता वाढली, पण तिचं मोल ज्याच्या हातात खरेदीची ऑर्डर होती त्याने घेतलं. मालक वाईट नव्हते. दिवाळीला बोनस देत, अडीअडचणीला उचल देत. पण ज्याला एकच मोठं गिऱ्हाईक आहे, त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

मग आमचा चांगला ऑपरेटर गेला. ज्याला त्या दिवशी "किती वाजले होते" असं विचारलं होतं, तोच. बीडकडचा मुलगा, आयटीआय झालेला. ड्रॉइंग वाचायचा, ऑफसेट स्वतः द्यायचा. कंपनीची बस, कॅन्टीनचं जेवण, छापील गणवेश आणि आमच्यापेक्षा दोन-तीन हजार जास्त. गेला यात त्याचं काहीच चुकलं नाही, मीच त्याला जा म्हणालो. तिथे तो ठेकेदाराच्या नावावर लागला. असेंब्लीच्या लाइनवर एका जागी उभं राहून हवेच्या पान्याने चार बोल्ट आवळायचे, एवढंच काम. सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळाला.

ब्रेक हा शब्द चाकण, रांजणगाव, तळेगावात लहान पोरालाही कळतो. त्याचा उगम २४० या आकड्यात आहे. वर्षात २४० दिवस काम भरलं की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळू लागतं. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत तर, तात्पुरत्या कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करावं, असं ४-सी कलमच होतं. कामगाराच्या भल्यासाठी आखलेली ही रेघ. तिचा वर्षानुवर्षं वापर झाला तो मात्र तिच्या अलीकडे माणसाला थांबवण्यासाठी. सात महिने झाले की घरी जा, महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, दुसऱ्या गेटवर उभा राहा. मध्ये काही वर्षं 'नीम' नावाची केंद्राची योजना होती. तिच्यात तर मुलगा कामगार नसून प्रशिक्षणार्थीच असे. भाषा 'शिका आणि कमवा' अशी गोड. पण लाइनवर तो कायम कामगाराच्या खांद्याला खांदा लावून तेच काम करत होता.

देशभराचं चित्र वेगळं नाही. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीनुसार या शतकाच्या सुरुवातीला पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये शंभरात चाळीसहून जास्त कंत्राटी होते. हा दोष फक्त परदेशी कंपन्यांचा नाही, देशी कारखानदारांनी हीच वाट मळली आहे. पण परदेशी भांडवल येताना आपल्याला सांगितलं जातं ते असं, की त्याच्यासोबत चांगल्या नोकऱ्या येतील, नवं ज्ञान येईल आणि ते आजूबाजूला पसरेल. माझं म्हणणं त्या पसरण्याबद्दलच आहे. ज्ञान पसरतं ते माणसाच्या हातातून, आणि हात बसायला वर्षं लागतात. सात महिन्यांनी माणूस बदलणारी व्यवस्था पगार दाबते हे सगळे बोलतात. ती उत्पादकतेचं बेणंही मारते, हे कोणी बोलत नाही.

पुण्याला तर हे वेगळं सांगायला नको, कारण पुणं उलट मार्गाने मोठं झालं. १९६२ साली कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. अमेरिकन कंपनी आणि किर्लोस्कर यांची भागीदारी. दापोडीच्या बाजूला सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, आल्फा लावल आणि चिंचवडला एसकेएफ या स्वीडिश कंपन्या त्याच सुमाराच्या. तेव्हा परदेशी भांडवलावर बंधनं होती, आकडेही आजच्या मानाने किरकोळ होते. पण त्या कारखान्यांत लागलेला माणूस कायम व्हायचा. 'मुलगा कंपनीत परमनंट आहे' या एका वाक्यावर लग्नं जमत. पंधरा-वीस वर्षं एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, काढलेल्या माणसाला लोखंड कळायचं. त्यातले काही पुढे राजीनामा देऊन, फंडाचे पैसे घालून, जुना लेथ घेऊन भोसरीत शेड टाकायचे आणि जुन्याच कंपनीचं काम जॉबवर करायचे. आमचे मालक असेच. बावीस वर्षं एका परदेशी कंपनीत फिटर, मग स्वतःची शेड. भोसरीच्या गल्लीगल्लीत अशी माणसं भेटतात.

हे होतं खरं पसरणं. ते कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं. कायम नोकरीच्या पोटात ते आपोआप होत होतं.

आता चार बोल्ट आवळणारा मुलगा सात महिन्यांनी बाहेर पडताना सोबत काय घेऊन निघतो? त्याला चार बोल्ट येतात. तो शेड टाकणार नाही, पुरवठादाराकडे जाऊन काही सुधारणार नाही. उद्या शेजारच्या कंपनीने त्याला घेतलं तर तीही त्याला हेल्परच्याच दराने घेईल, कारण त्याच्या हातात विकण्यासारखं काही साठलेलंच नाही. पगार वाढायला दोन गोष्टी लागतात. एक अंगातलं कसब आणि दुसरी, ते दाखवून जास्त मागण्याइतका पायाखाली टेकू. ब्रेक दोन्ही काढून घेतो.

सकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात कधी उभं राहून पाहावं. डब्याच्या पिशव्या, गळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या फिती, बसची वाट पाहणारी विशी-पंचविशीतली पोरं. लातूर, परभणी, वाशीम, यवतमाळ, आणि आता ओडिशा-बिहारची. एका खोलीत सहा-सात जण, दिवसपाळीवाल्याच्या गादीवर रातपाळीवाला झोपतो. मग या पट्ट्यात आलेला पैसा गेला कुठे? तो दिसतो, चांगला दिसतो. जमिनीच्या भावात, चाळींच्या भाड्यात, गाड्या लावण्याच्या, भंगाराच्या, मजूर पुरवण्याच्या ठेक्यांत. जमिनी गेलेल्या शेतकऱ्याने खोल्या बांधल्या तर त्याला मी नावं ठेवणार नाही, त्याचं रान गेलंय. पण भाडं आणि ठेका यांतून गावात पैसा येणं वेगळं आणि मजुरीतून येणं वेगळं. भंगाराच्या ठेक्यासाठी हाणामाऱ्या होतात. कसबासाठी कोणी भांडत नाही.

आणि आपलं राजकारण भांडतं कशावर? २०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे कळल्यावर महाराष्ट्रात रान उठलं. १ लाख ५४ हजार कोटींचा आकडा महिनोन्‌महिने सगळ्यांच्या तोंडी होता. पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. ज्यावरून आपण इतके भांडलो त्या भागीदारीची चिप ना तळेगावात झाली ना गुजरातेत. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी ३९ टक्के महाराष्ट्रात आलं, आणि ते अभिमानाने सांगितलं गेलं. पण त्या आकड्यात काय काय असतं ते तरी पाहावं. त्या वर्षी देशात सर्वांत मोठा वाटा होता सेवाक्षेत्राचा, म्हणजे बँका, विमा, वित्तसंस्था वगैरेंचा, त्याच्या मागोमाग सॉफ्टवेअर. चालू कंपनीतला हिस्सा विकत घेतला तरी तोही परकीय गुंतवणूकच. त्याने मालक बदलतो, नवी मशीन येतेच असं नाही. आणि नोंद राज्याच्या नावावर होते ती कंपनीच्या कार्यालयाच्या पत्त्यावरून. मुंबईच्या पत्त्यावर आलेला पैसा कारखान्याच्या रूपाने कुठेही उभा राहू शकतो.

भूमिपुत्रांच्या नावानेही आपण चुकीची गोष्ट मोजतो. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, अशी अट राज्यात कित्येक वर्षं आहे. ती पूर्ण झाली का, हे अधिवासाच्या दाखल्यावरून ठरतं. मुलगा महाराष्ट्राचा आहे का, एवढंच पाहिलं जातं. पुढच्या वर्षी तो त्याच गेटवर असेल का, हे कोणी विचारत नाही. सात महिन्यांनी एक परभणीचा गेला आणि दुसरा हिंगोलीचा आला, तर कागदावर अट शंभर टक्के पाळली गेली.

यावर कंपन्यांचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. मागणी वर-खाली होते, कायम माणसं घेतली की मंदीत त्यांचं करायचं काय? तळेगावच्या जनरल मोटर्सचं उदाहरण समोरच आहे. २००८ मध्ये कारखाना सुरू झाला, २०१७ मध्ये कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन बंद केलं. २०२१ मध्ये चौदाशेहून अधिक कामगार ले-ऑफ झाले. चिनी कंपनीला कारखाना विकायचा करार फिसकटला, अखेर २०२३ मध्ये ह्युंदाईशी सौदा झाला. कामगार इतकी वर्षं लढत राहिले. उद्योजक या गोष्टीतून असा धडा घेतात, की कायम कामगार म्हणजे गळ्यातला धोंडा. मी त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. भांडवल जागतिक आहे, ते विमानाने येतं आणि विमानाने जातं. मागे राहतो तो कामगार आणि त्याच्या हातातलं कसब. मग जायच्या आधी ते कसब किती माणसांच्या हातात रुजलं, हाच हिशेब राज्याने ठेवायला हवा.

मागणी वर-खाली होते हे मान्य. पण वर्षाचे बाराही महिने, तेजीत आणि मंदीत, लाइनवर निम्मी माणसं हंगामीच असतील तर त्याला चढउतार म्हणत नाहीत, ती रीत झाली. आणि सवलती दिल्या नाहीत तर कंपनी होसूरला किंवा साणंदला जाईल, ही भीतीही मी ऐकून आहे. चाकणला कंपन्या आल्या त्या निव्वळ सवलतींसाठी नव्हे. त्यांना इथे टूलरूमवाले, फोर्जिंगवाले, मापं कळणारे पुरवठादार आयते मिळाले. ते कसब आधीच्या पिढीच्या कायम नोकऱ्यांत तयार झालं होतं. आज आपण ते पीक खातोय आणि पेरत नाही.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. मोठ्या प्रकल्पांना राज्य जीएसटीचा परतावा देतं, वीज आणि मुद्रांक शुल्कात सूट देतं. हा जनतेचा पैसा आहे. त्याचा मोठा हिस्सा कायम किंवा निदान तीन वर्षं सलग एका जागी राहिलेल्या कामगारांच्या संख्येवर द्यावा, नुसत्या गुंतवणुकीच्या रकमेवर नको. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांवरून हे तपासता येतं, त्यासाठी नवा निरीक्षक नेमायला नको. नव्या कामगार संहितांत मुदतबंद, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्या, कामगाराला कायम कामगाराइतक्या सुविधा आणि वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे, ते चांगलंच आहे. पण मुदत सात महिन्यांचीच असेल तर त्या वर्षाला कोण पोचणार?

पुरवठादारांचं काय? स्थानिक माल इतका टक्के घ्याच, अशी सक्ती आता करता येत नाही. अमेरिका आणि युरोपने तक्रार केल्यावर २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत वाहन उद्योगातल्या आपल्या अशाच अटी टिकल्या नाहीत. पण शिकवण्याला कोणी बंदी घातलेली नाही. सिंगापूरने १९८६ पासून एक योजना चालवली. मोठ्या परदेशी कंपनीतला अनुभवी इंजिनिअर काही काळ स्थानिक पुरवठादारांच्या दिमतीला द्यायचा आणि त्याचा पगार सरकारने उचलायचा. आमच्या शेडमध्ये तो सांगलीकडचा इंजिनिअर दोन महिने येत-जात होता, तेवढ्यात आम्ही कुठल्या कुठे गेलो. भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर या वसाहतींत असे शंभर जण वर्षभर फिरले, तर त्याचा खर्च एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या सवलतीपुढे चिल्लर ठरेल.

गेल्या मार्चमध्ये त्या बीडच्या मुलाचा फोन आला. आता तो पस्तिशीला आलाय, दोन मुलं आहेत. एवढ्या वर्षांत सहा कंपन्या झाल्या, आठ ठेकेदार झाले. एका चांगल्या ठिकाणी सीएनसी सेटरची, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन लावून देणाऱ्याची, जागा निघाली होती आणि त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला होता. त्याच्याकडच्या सगळ्या कागदांवर ठेकेदाराचा शिक्का आणि 'हेल्पर' एवढंच लिहिलेलं. "सर, भोसरीचा दाखला मिळेल का? बाकी कुठे मी मशीनला हातच लावला नाही," म्हणाला. आमचे मालक आता थकलेत, शेड मुलगा चालवतो. मी जाऊन जुनं हजेरीपुस्तक काढलं, लेटरहेडवर तारखा लिहिल्या आणि खाली लिहिलं: ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटर व बोअर गेजने माप घेतो, ऑफसेट स्वतः देतो, खराब जॉब लपवत नाही. मालकांनी थरथरत्या हाताने सही केली आणि विचारलं, "लेथवर बसेल ना रे तो अजून?"